सोलले जाते ते कातडे कुणाचे?

दहिसरकराला नाका म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. मुंबई महापालिकेच्या या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसाने उमेदीची किती वर्षे जकात नाक्यावरच्या ट्रकांमागे आणि टोलनाक्यावरच्या भोंग्यांत काढली, त्याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. जकात १ जुलै २०१७ला गेली. छोट्या गाड्यांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्री गेला आणि श्रेयाचे फलक उजाडायच्या आत लागले. पण याच दहिसरात, औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात बसून चामड्याच्या बॅगा, पट्टे, पाकिटे शिवणाऱ्या माणसाच्या वाटेवर जे नाके उभे आहेत, त्यांतला एकही आजवर हललेला नाही. कातडे विकणारा तिथे टोल घेतो, ऑर्डर देणारा घेतो, सरकार घेते, बँक घेते. आणि एवढ्या सगळ्यांचे घेऊन झाल्यावर जी चिल्लर उरते तिला हे राज्य 'लघुउद्योगाचा नफा' असे गोंडस नाव देते. आज आम्हाला याच नाक्यांविषयी बोलायचे आहे, आणि हातचे काही न राखता बोलायचे आहे.

गेल्या पंधरवड्यात आम्ही अशा एका गाळ्यात दोन तास बसलो. नाव छापू नका म्हणून मालकाने हात जोडले. शब्द दिला आहे, तो पाळतो. जिना चढतानाच चिकटवायच्या सोल्युशनचा वास नाकात शिरतो. आत ट्यूबलाइटखाली लांब टेबल, टेबलावर पत्रा आणि पत्र्यावर पसरलेले एक अख्खे कातडे. कटिंग मास्तर पट्टी-सुरी हातात घेण्याआधी त्यावर तळवा फिरवतो. आपल्याला सगळा एकच तपकिरी रंग दिसतो. त्याच्या हाताला मात्र इथे गोचिडीचा डाग, तिथे काटेरी तारेचा ओरखडा, वर मानेच्या सुरकुत्या असे सगळे कळत जाते. पाठीकडचे चामडे घट्ट असते, म्हणून बॅगेची दर्शनी बाजू तिथून निघणार. पोटाकडचे सैल, ते आतल्या कप्प्यांना. चामडे कुठल्या अंगाला ताणते हे दोन बोटांत धरून ओढून बघायचे. ते चुकले तर सहा महिन्यांत खांद्याचा पट्टा वीतभर लांब होऊन बॅग गुडघ्यावर आपटू लागते. कातडे चौरस फुटाच्या भावाने घेतलेले असते, आणि त्या फुटात डाग, भोके, सुरकुत्या सगळे मोजलेले असते. पुठ्ठ्याचा फर्मा दोन बोटे इकडचा तिकडे ठेवला गेला की नफा कातरणीच्या पोत्यात जातो. मग कडा पातळ करणे, सोल्युशन लावून घडी घालणे, हातोडीने ठोकणे, अस्तर, चेन, बक्कल, शिलाई, कडांना रंग, सुकवणे, पुन्हा रंग. एका साध्या ऑफिस बॅगेला किती हात लागतात ते मोजताना आम्ही नऊवर थांबलो.

खरी गंमत शेवटच्या टेबलावर होती. ऑर्डर देणाऱ्या पार्टीकडून आलेल्या पुडक्यात धातूच्या इवल्या नावपट्ट्या होत्या, आणि जाड कागदाचे टॅग. टॅगवर इंग्रजीत छापले होते, की ही वस्तू अनुभवी कारागिरांनी हाताने घडवली आहे. कुठल्या कारागिरांनी? कुठल्या गावात? त्याबद्दल अक्षर नाही. उलट खोक्यावर गाळ्याचा पत्ता दिसता कामा नये, अशी पार्टीची सक्त ताकीद. म्हणजे हात विकायला चालतात, हातांचे नाव चालत नाही. पितृपक्षात कावळ्याला तरी पानावर बोलावतात. इथे ज्याने रांधले त्यालाच दाराआड बसवले आहे.

या सगळ्या प्रवासाला शहाणी माणसे 'मूल्यसाखळी' म्हणतात. हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी १९८५ साली हा शब्द रूढ केला. कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंत प्रत्येक टप्प्यावर वस्तूची किंमत कशी वाढत जाते, ते त्यांनी मांडून दाखवले. पुढे तैवानच्या एसर कंपनीच्या स्टॅन शी यांनी १९९०च्या दशकात एक वक्ररेषा काढली. दोन्ही टोके वर, मध्ये खड्डा, हसऱ्या तोंडासारखी. एका टोकाला कल्पना आणि आराखडा, दुसऱ्या टोकाला नाव आणि दुकान. पैसा या दोन टोकांना, आणि प्रत्यक्ष वस्तू बनवणारा मधल्या खड्ड्यात. रेषा हसरी असेल, खड्ड्यातला माणूस हसत नाही.

हे आमच्याच नशिबी आहे असे समजायचे कारण नाही. मिलानच्या न्यायालयाने जून २०२४मध्ये दिओर या बड्या फॅशन-छापाच्या एका उत्पादक कंपनीवर देखरेखीसाठी प्रशासक नेमला. दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या हँडबॅगेच्या जोडणीसाठी उपकंत्राटदाराच्या हातात ५३ युरो पडत होते, असे तपासाच्या कागदपत्रांत होते. चामड्याचा खर्च त्यात धरलेला नाही हे खरे. तरी गणित करा: शंभरातले दोन. ज्या 'मेड इन इटली'च्या छापापुढे आमचा श्रीमंत वर्ग लोटांगण घालतो, त्या छापाच्या पाठीमागे मिलानच्या उपनगरातले, कामाच्या जागीच पथाऱ्या टाकून झोपणारे परदेशी कामगार निघाले. फरक एवढाच, की तिथे न्यायालयाने दार ठोठावले. आमच्याकडे दार ठोठावायला येतो तो हप्तेवाला.

आता साखळीचे पहिले टोक बघू. महाराष्ट्रात हे टोकच तोडून टाकले आहे.

एकेकाळी वांद्र्याचा कत्तलखाना आणि शेजारी धारावीतले कातडे कमावण्याचे कारखाने, अशी ही साखळी मुंबईच्या पोटातच पुरी होत होती. तिरुनेलवेलीकडून आलेले कातडेवाले, कोकण-देशावरून आलेले ढोर आणि चर्मकार, यांनी धारावी उभी केली. कत्तलखाना १९७०च्या सुमारास देवनारला गेला, मागोमाग कमावणूकही धारावीतून उठली. आज मुंबईच्या गाळ्यात येणारे बरेचसे कमावलेले चामडे चेन्नई-राणीपेट, कानपूर, कोलकाता इथून येते. त्यात २०१५ साली महाराष्ट्राने गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढवली. १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला वीस वर्षांनी राष्ट्रपतींची संमती मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली, पण बंदी कायम ठेवली. कायदा मोडा असे आम्ही कुणाला सांगत नाही. आम्ही एवढेच विचारतो, की ही बंदी घालताना या धंद्यावर जगणाऱ्यांचे काय होणार, याचा एक कागद तरी मंत्रालयात कुणी तयार केला होता का? म्हशीचे कातडे चालते, मेलेल्या जनावराचे चालते, हे कायदा सांगतो. पण रस्त्यावर टेम्पो अडवणाऱ्या टोळक्याला म्हैस आणि गाय यांतला फरक कातड्यावरून कळतो, असा सरकारचा समज आहे काय? जुलै २०१६मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून फोडून काढले. ते दृश्य पाहिल्यावर कुठला बाप आपल्या मुलाला या कामाला पाठवील? दहिसर नदीकाठच्या तबेल्यातल्या म्हशीचे शेण नदीत जाते हे आम्ही रोज पाहतो. ती मेली तर तिचे कातडे कुठे जाते हे विचारण्याची आम्हाला शिसारी येते.

शिसारी! इथेच या सगळ्या रोगाचे मूळ आहे. मूल्यसाखळी हा शब्द १९८५चा. आमच्याकडे ती साखळी हजार वर्षे आहे आणि तिची प्रत्येक कडी जातीची आहे. मेलेले जनावर ओढायचे महारांनी. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कातडे कमवायचे ढोरांनी. त्याचे पायताण, मोट, पखाल शिवायची चांभारांनी. आणि भाव ठरवायचा त्यांनी, ज्यांनी त्या कातड्याला आयुष्यात बोट लावले नाही. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा असे आपल्या लोकांना बजावले, ते यासाठीच. काम वाईट नव्हते. त्या कामाच्या बदल्यात गावकी जे देत होती ते अपमानाचे तुकडे होते. आज तुकड्यांऐवजी पीस रेट आला. काळ बदलला, टॅग बदलला, वहिवाट तीच.

सोनाराच्या दुकानाला आपण 'पेढी' म्हणतो, वैद्याला 'दवाखाना' देतो, आणि चामड्याचे अंतरंग हाताने वाचणाऱ्या माणसाला 'लेबर' म्हणतो. त्याची विद्या आपल्या लेखी विद्याच नाही, ती त्याची जात आहे; मग जातीला कोण शुल्क देतो? फुकटच मिळाली पाहिजे ती! इटलीत जो कारागीर 'मास्टर' म्हणून मिरवतो, तो आमच्या स्टेशनाबाहेर पत्र्याच्या गटई स्टॉलमध्ये तिवईवर टाच ठोकताना दिसतो, आणि आम्ही पाय पुढे करताना त्याच्या तोंडाकडेही बघत नाही.

म्हणूनच जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन फॅशन-छापाने मिलानमध्ये मोठ्या दिमाखात आमची कोल्हापुरी घालून पोरे चालवली आणि 'चामड्याची सँडल' एवढेच सांगितले, तेव्हा मराठी माणसाने जे आकांडतांडव केले त्याचे आम्हाला हसू आले. चोरी झाली म्हणे! अरे, ज्या घरात मालकाची ओळखच कुणी ठेवली नव्हती, त्या घरात चोरी झाली हे कळले कसे? कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. पण मानांकन संरक्षण देते नावाला. प्राडाने नावच वापरले नाही, मग कायदा कुठे लावणार? उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैत निकालात निघाली. हे मानांकन ज्यांच्या नावावर आहे तेही कारागीर नव्हेत. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे लिडकर, ही दोन सरकारी महामंडळे.

ओरड झाली, प्राडाने प्रेरणा मान्य केली, आणि डिसेंबर २०२५मध्ये याच दोन महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथे बनणार, जगभरातल्या चाळीस दुकानांत विकले जाणार, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. रुपयांत ऐंशी हजारांच्या वर. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत हजार-दीड हजारात उत्तम जोड मिळतो. करार झाला याचा आम्हाला आनंद आहे, खोटे कशाला बोला. पण दोन हजार जोड गुणिले आठशे, सोळा लाख युरो. त्यातले कापशी-कुरुंदवाडच्या माणसाच्या हातावर किती पडणार, हा आकडा ठळक अक्षरांत जाहीर करा. तो जाहीर होत नाही तोवर फोटो काढून घेणाऱ्यांनी हार परत करावेत.

हे झाले कोल्हापूरचे; तिथे निदान नाव तरी आहे. धारावीच्या बॅगेला, चेंबूरच्या ठक्करबाप्पा कॉलनीतल्या सँडलला, दहिसरच्या पट्ट्याला कसले मानांकन? हा माल निनावी जन्मतो आणि निनावीच मरतो. दिवाळीला कंपन्या नोकरांना जी चामड्याची पाकिटे वाटतात ती कुठून आली हे पाकिटाला ठाऊक नसते, तर तुम्हाआम्हाला कुठून? आणि नावाचे मोल काय असते, हे समजायला इटलीला जायची गरज नाही. मेट्रो ही जोड्यांची प्रसिद्ध साखळी १९५५ साली मुंबईतच सुरू झाली; देशभर शेकडो दुकाने आहेत, शेअर बाजारात नोंदणी आहे, आणि स्वतःचा जोडे बनवण्याचा कारखाना एकही नाही. सगळा माल बाहेरून बनवून घेतात. यात बेकायदा काही नाही, उलट व्यापाराची अक्कल आहे. ज्याने दुकान आणि नाव हातात ठेवले तो तरला. आमच्या गाळेवाल्याने मशीन हातात ठेवले.

आता येऊ सगळ्यात निर्लज्ज नाक्यावर. त्याचे नाव पेमेंट.

गाळ्यातल्या मालकाला आम्ही विचारले, पैसे केव्हा मिळतात? तो म्हणाला, "पार्टी म्हणते पुढच्या सोमवारी. कुठल्या वर्षाचा सोमवार, ते सांगत नाही." चामडे रोखीने किंवा फार तर पंधरा दिवसांच्या उधारीवर. कारागिरांचा आठवडा दर शनिवारी. तो चुकवला तर सोमवारी मशीन रिकामे. गाळ्याचे भाडे महिन्याच्या पाच तारखेला. आणि बिलाचे पैसे तीन-चार महिन्यांनी, तेही 'दोन पीसच्या शिलाईत फरक होता' म्हणून कापून.

कायदा काय म्हणतो? २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायदा सांगतो, की लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे थकवता येणार नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. २०१७पासून तक्रारीला 'समाधान' नावाचे संकेतस्थळ आहे. १ एप्रिल २०२४पासून आयकर कायद्याच्या ४३ ब (ह) कलमाने आणखी एक चाप लावला: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येणार नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना बिले वटवण्याच्या इलेक्ट्रॉनिक मंचावर नोंदणी सक्तीची झाली. कागदावर बघाल तर रामराज्य!

आता रामराज्याची पाठ बघा. सूक्ष्म आणि लघु यांनाच हे कवच आहे. कायद्याच्या नावात 'मध्यम' आहे, संरक्षणात नाही. ज्याने धडपडून धंदा वाढवला, वरच्या पायरीवर गेला, त्याच्या हातातली काठी काढून घेतली जाते. बिले वटवण्याच्या मंचावर नाव नोंदवणे सक्तीचे, तिथे बिल स्वीकारणे सक्तीचे नाही. म्हणजे देवळात जाणे बंधनकारक, नमस्कार ऐच्छिक. आणि सगळ्यांवर ताण करणारी गोष्ट वस्तू व सेवा कराची. चामड्याच्या बॅगेवर अठरा टक्के कर. एक लाखाचे बिल फाडले की अठरा हजार रुपये पुढच्या महिन्यात सरकारच्या तिजोरीत भरायचे, पार्टीने छदाम दिला नसला तरी. चामड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण मजुरीवर आणि नफ्यावर बसलेला कर तर पदरचाच जातो. उलट, त्याच बिलावर पार्टी आपली वजावट ताबडतोब घेऊन मोकळी होते, आणि पुरवठादाराला पैसे देण्यासाठी हाच कर कायदा तिला एकशे ऐंशी दिवसांची मुभा देतो. एकाच संसदेचे दोन कायदे: एक म्हणतो पंचेचाळीस, दुसरा म्हणतो एकशे ऐंशी! पार्टीने कुठला ऐकावा? जो सोयीचा तो. ज्याने हे दोन्ही कायदे एका टेबलावर ठेवून वाचले असा एक खासदार या महाराष्ट्रातून निवडून गेला असेल, तर त्याने आम्हाला दर्शन द्यावे.

मग कायदा आहे तर तक्रार का करत नाही, असा शहाजोग प्रश्न हमखास येतो. कारण तक्रार म्हणजे पुढची ऑर्डर बंद. दहिसरचा नाही तर वसईचा, वसईचा नाही तर नालासोपाऱ्याचा, दोन रुपये कमी घेणारा कुणीतरी वाट बघत बसलेला असतोच. खड्ड्यातली माणसे एकमेकांच्या खांद्यावर चढून बाहेर येऊ शकली असती. ती एकमेकांचे पाय ओढत बसली आहेत.

आम्ही मालकांचे भाट नव्हेत, हेही इथेच सांगून टाकतो. पार्टीने नागवले म्हणून जो मालक गळा काढतो, तोच शनिवारी कारागिराच्या हातावर पैसे ठेवताना पावती देतो का? एकोणीस माणसांवर विसावे येऊ नये म्हणून एकाच गाळ्याला दोन नावांच्या पाट्या कोण लावतो? वीस कामगार झाले की कारखान्यांच्या नियमांचा उंबरठा लागतो, म्हणून धंदा वाढवायचाच नाही, फक्त पाट्या वाढवायच्या! चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे असे त्यांत आहे. आम्ही बसलो होतो त्या गाळ्यात आम्ही पत्र मागितले. मालकाने चहा मागवला. सोल्युशनच्या वाफांत दहा-दहा तास बसणाऱ्या पोरांसाठी भिंतीत एक पंखा, तोही बंद. धागे कापायचे, कडा घासायचे काम डोंगराकडच्या वस्तीतल्या बायकांकडे डझनाच्या हिशेबाने जाते. त्यांचा दर सांगायला मालकालाही लाज वाटली, एवढे त्याच्या बाजूने नोंदवतो. शिक्षा वरून खाली सरकवत नेणे हाही या साखळीचाच एक नियम आहे. शेवटची कडी बाई असते.

आणि भूमिपुत्रांचे कैवारी! दहिसर टोलनाक्यापासून स्टेशनापर्यंत ज्यांचे चेहरे विजेच्या प्रत्येक खांबावर हसतात, ते सगळे पक्ष मराठी तरुणाच्या रोजगारासाठी कंठशोष करतात. गाळ्यातले बहुतेक कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे का, असे विचारतात. त्याचे उत्तर ऐका. पादत्राणे आणि चामड्याच्या वस्तूंचे शिक्षण देणारी फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट ही केंद्राची संस्था आहे. तिची देशात बारा संकुले आहेत. मध्य प्रदेशात दोन: छिंदवाडा आणि गुना. उत्तर प्रदेशात दोन: नोएडा आणि फुरसतगंज. राजस्थानात जोधपूर, गुजरातेत अंकलेश्वर, बिहारात पाटणा, हरियाणात रोहतक. आणि कोल्हापुरीचा अभिमान छातीवर मिरवणाऱ्या, धारावी पोटात बाळगणाऱ्या महाराष्ट्रात? शून्य. संत रोहिदास जयंतीला प्रतिमेला हार घालायला येणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एकानेही हे शून्य सभागृहात उच्चारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. चर्मोद्योग महामंडळ १९७४ साली स्थापन झाले, पन्नाशी उलटली. पन्नास वर्षांत या महामंडळाने जगाला माहीत असलेले एक नाव, बाजारात मागून घेतला जाणारा एक छाप उभा केला असता, तर प्राडाशी करार करताना आपण पुरवठादार म्हणून उभे राहिलो नसतो.

१ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात केंद्राने या क्षेत्रासाठी बावीस लाख रोजगार आणि चार लाख कोटींच्या उलाढालीचे स्वप्न दाखवले. त्याच दिवशी वेट ब्लू, म्हणजे क्रोममध्ये कमावलेल्या ओल्या, चामड्यावरचे आयात शुल्क माफ केले, ते ठीक. पण कमावलेल्या, तरी शेवटचा हात न फिरलेल्या क्रस्ट चामड्यावरचे वीस टक्के निर्यात शुल्कही उठवले. म्हणजे बॅग होण्याआधीच चामडे परदेशी जायला वाट मोकळी! मूल्य इथे वाढावे असे म्हणायचे आणि मूल्य वाढण्याआधीच माल जहाजावर चढवायचा, याला धोरण म्हणतात की धरसोड? रायगडात माणगाव तालुक्यातल्या रातवडला मोठा चर्मसमूह उभारण्याची घोषणा झाली, त्यालाही आता काही वर्षे लोटली. धारावीच्या पुनर्विकासात घर पात्र की अपात्र याचे रकाने भरले जात आहेत. हातातल्या कसबाला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना कोटींची तरतूद लागत नाही. कर कायद्यातले एकशे ऐंशी दिवस पंचेचाळीसवर आणा. चामड्याच्या प्रत्येक वस्तूवर, विकणाऱ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत, बनवणाऱ्या गाळ्याचे नाव आणि गाव छापणे सक्तीचे करा. प्राडा करारातला कारागिराचा वाटा जाहीर करा. एक संकुल महाराष्ट्रात आणा, आणि ते पुण्याच्या एखाद्या टेकडीवर न बांधता जिथे हात आहेत तिथे बांधा: धारावीत, कोल्हापुरात, उपनगरात. ज्या मास्तरचा तळवा डाग ओळखतो त्याला तिथे शिक्षक म्हणून पगारावर नेमा. दहावीचे प्रमाणपत्र मागू नका.

पण सरकार हलेपर्यंत थांबायचे, तर गाळ्याला कुलूपच लागेल. म्हणून दोन शब्द दहिसर, वसई, धारावी, चेंबूरच्या गाळेवाल्यांना. तुमच्यापैकी बहुतेक स्वतःला मध्यम उद्योजक म्हणवता. १ एप्रिल २०२५च्या नव्या व्याख्येप्रमाणे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला सूक्ष्मच ठरतो. या सूक्ष्मपणाची लाज धरू नका, तेच तुमचे शस्त्र आहे. भिंतीवर चौकटीत लावलेले उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र खाली उतरवा. त्यावरचा क्रमांक उद्यापासून प्रत्येक बिलावर छापा. खाली एक ओळ टाका, की पंचेचाळीस दिवसांनंतर कायद्याने व्याज लागेल. एकट्याने पाठवाल तर ऑर्डर जाईल. म्हणून वसाहतीतल्या सगळ्या गाळ्यांनी एकाच दिवशी, एकाच मजकुराचे बिल पाठवा. आणि शेहेचाळिसाव्या दिवशी व्याजाचे बिल फाडा. त्या दिवशी शनिवार असेल, तर आधी कारागिराच्या हातावर पावतीसकट त्याचा आठवडा ठेवा, मग पार्टीला फोन लावा.